मधेच उठण्याची सोय

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि लेक एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. घंटा असताना टकटक करणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, खालच्या मजल्यावरचे यादीकाका. बाजारातून दोन वस्तू आणायच्या असल्या तरी कागदावर लिहून नेतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव.

"अगं, दहा मिनिटं आहेत का तुला? जरा भाषा तपासायचीय."

"या ना. फक्त ती दहा मिनिटं यादीत लिहून ठेवू नका." काका हातातला अहवालाचा कागद सावरत आत आले.

काका एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. गोदामांचे व्यवहार ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली, की ती गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर चढवायची, हे एकवीस वर्षं त्यांचं काम. गोदामं बंद असतात म्हणून रविवारी. एकदा सुरू केलं की संपेपर्यंत उठायचं नाही. अर्धं नवं, अर्धं जुनं राहिलं तर सोमवारी कुठूनच माल हलत नाही. आता कंपनी या कामासाठी तयार टूल घेणार होती. काका पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. जाण्याआधी तीन टूल वापरून बघा आणि एक सुचवा, असं साहेबांनी सांगितलेलं.

मी अहवाल वाचला. पहिलं टूल सगळ्यांत वेगवान, साहेबांच्या मनात तेच. पण ज्याने काम सुरू केलं त्यानेच ते संपवायचं. तिसरं चांगलंच हळू. काकांनी पहिला क्रमांक त्याला दिला होता आणि कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती: 'काम दुसऱ्याच्या हाती देऊन मधेच उठता येते.'

"काका, एवढंच कारण? साहेब उडवून लावतील."

"लावलंच की काल. म्हणाले, 'मधे उठायचंय कुणाला? तुम्ही तर एकवीस वर्षांत एकदाही उठला नाहीत!' सगळे हसले. कौतुकच करत होते गं ते."

चार वर्षांपूर्वीचा तो रविवार मला माहीत होता. काकूंना दवाखान्यात मीच नेलं, फोनही मीच केला. "अर्ध्यावर आलंय, तासाभरात निघतो," काका म्हणाले होते. काकूंनी दाराकडे बघत दोनदा विचारलं, "आले का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. काका पोचले तेव्हा ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकत होतं. काम अगदी सुरळीत पार पडलं होतं.

"माझ्या जागी येतेय ना, त्या मुलीचे वडील अंथरुणाला खिळलेत," काका म्हणाले. "घरात ती एकटीच. आणि आज दुपारच्या बैठकीत टूल ठरणार."

"मग काकूंचं सांगा ना त्यांना. सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

"नाही. तुझ्या काकूला त्या बैठकीत न्यायचं नाही मला."

त्यांनी कागदाच्या कडा जुळवल्या. मग तो माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तू एवढंच कर. ती ओळ अशी लिहून दे, की वाचून कुणी हसणार नाही."