खंडूआबांनी ऐकलेलं कोकरू

इंदापूरहून सुटलेली एसटी, मे महिन्याची सुट्टी नुकतीच लागलेली, आणि खिडकीतून नीट दिसावं म्हणून मी एका चपट्या खोक्यावर बसलेली… खोक्यात मामाच्या रेकॉर्ड होत्या. "मांडीवर धर सुमे," असं त्याने बजावलं होतं. मांडीवरच धरलं होतं मी, बस हलेपर्यंत.

पहिल्याच खड्ड्याला खाली 'कट्' असा आवाज आला. मी मुकाट्याने खोकं मांडीवर घेतलं आणि आमचं गाव पिंपळी येईपर्यंत इतकी शहाण्यासारखी बसले, की मामाला शंका यायला हवी होती. पण तो स्वतःच्या मांडीवरचा ग्रामोफोन सांभाळण्यात गुंग होता.

ही पन्नास ते साठच्या मधली गोष्ट, मी तेव्हा तिसरीत. मामा इंदापूरला मास्तर, मी शाळेसाठी त्याच्याकडे. त्याच्या हेडमास्तरांकडे परदेशातून आलेल्या दोन रेकॉर्ड होत्या, खास लहान मुलांसाठी केलेल्या… एक साहेब इंग्रजीत गोष्ट सांगतो, मागे भलामोठा वाद्यवृंद वाजतो, आणि गोष्टीतल्या प्रत्येकाचं वाद्य वेगळं. आमच्या वस्तीवरच्या पोरांना ऐकवायच्या म्हणून मामाने त्या अक्षरशः हातापाया पडून मागून आणलेल्या.

त्यात मामाची तऱ्हा अशी, की त्याने स्वतः पहिलीच रेकॉर्ड ऐकली होती. शेवट म्हणे पोरांबरोबर ऐकणार… एकट्याने ऐकण्यात काय मजा?

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या लिंबाखाली ही गर्दी! वांग्याची तोडणी अर्धी टाकून बायकासुद्धा आल्या. शेजारचे खंडूआबा घोंगडी टाकून अगदी पुढे बसले. आबा जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून कळप मोडून मुलाच्या शेतावर राहिलेले. इंग्रजी सोडाच, त्यांना अक्षरओळखही नव्हती.

मामाने चावी दिली आणि आधी वाद्यांची ओळख करून दिली. बासरी म्हणजे कोकरू. सनईच्या जातीचं, पण घोगऱ्या आवाजाचं वाजतं ती त्याची आई.

साहेब बोलायला लागला की मामा त्याच्यावर आवाज चढवून मराठीत सांगायचा. कोकरू कळप सोडून डोंगरात जातं, धुकं उतरतं, ओढ्याला पाणी येतं… आई हाका मारते, मारतच राहते… आणि रेकॉर्डची दुसरी बाजू संपली.

मामाने हौसेने दुसरी रेकॉर्ड काढली. हातात दोन तुकडे आले.

माझ्या धाकट्या बहिणीने भोकाड पसरलं. "मामा, कोकरू मेलं का?" शेवट मामालाही माहीत नव्हता. इकडे मी… सांगावं तर पाठ सोलून निघणार, न सांगावं तर बहिणीचं रडणं ऐकवेना. मी दुसरा पर्याय निवडला आणि लिंबाकडे बघत बसले.

"मास्तर, ती पैलीच परत लावा," आबा म्हणाले. मामाने लावली. संपल्यावर म्हणाले, "आजून एकडाव. आन् ह्या टायमाला तुमी मधी बोलू नका."

मामाने सुई परत ठेवली. आबांनी डोळे मिटून घेतले. बाजू संपायला आली तसा त्यांनी एकदम हात वर केला.

"हाय की! जित्तं हाय कोकरू!"

"कशावरून आबा?"

"आवं, जबाब दिला न्हवं त्यानं आईला! तुमी समदी त्या साहेबाचं ऐकताय. मी मेंढीचं ऐकतोय."

मामाने पुन्हा सुई ठेवली. आणि खरंच… साहेबाच्या शेवटच्या वाक्याखाली, त्या घोगऱ्या हाकेनंतर, अगदी बारीक बासरी. दोनदा. मघाशी मामाच्या मराठीत ती बुडून गेली होती.

"जबाब आला म्हंजी आई आता थांबायची न्हाय," आबा म्हणाले. "वढा आडवा असू द्या न्हायतर काय बी. आलंच समजा घरला." सगळ्या लिंबाखाली हसू पसरलं. बहीण रडायची थांबली… आणि मी सुरू झाले. हुंदके देत देत सगळं सांगून टाकलं, खोकं, खिडकी, खड्डा, सगळं.

मामाने मारलं नाही. फक्त म्हणाला, "हेडमास्तरांना पत्र तू लिहायचंस."

लिहिलं. तिसरीतल्या गिचमिड अक्षरात, काना-मात्रा चुकवत. आपला गुन्हा जरा पातळ व्हावा म्हणून आबांनी काय ऐकलं तेही लिहिलं. पहिली रेकॉर्ड आणि पत्र घेऊन मामा इंदापूरला परत गेला, आणि मी पोस्टमन दिसला की गोठ्यात लपायला लागले.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. रागाचा एक शब्द नव्हता… "कोकरू शेवटी घरी येतं. पण इतक्यांदा ऐकूनही ती बासरी मला कधी ऐकू आली नव्हती. तुझं पत्र वाचून काल पुन्हा लावली, आणि आली. खंडूआबांना माझा नमस्कार सांग."

मी धावत सुटले. आबा अंगणात चातीवर लोकर कातत बसले होते. धापा टाकत मी मोठ्याने वाचून दाखवलं, 'कोकरू घरी येतं' हे तर दोनदा.

आबांनी चाती थांबवलीसुद्धा नाही. "ते त्याच दिशी आलं की गं पोरी. हेडमास्तरास्नी आत्ता कळलं व्हय?"

आज ऐंशी ओलांडलीय. कुठल्या कुठल्या भाषेतली गाणी नातवंडं ऐकवतात, शब्द एक कळत नाही, तरी माझं काही अडत नाही… डोळे मिटायचे आणि कोण कोणाला हाक मारतंय तेवढं ऐकायचं. हे मला शिकवणाऱ्या आबांचे उपकार मानायचे राहूनच गेले होते. ते आज इथे, तुम्हा सगळ्यांसमोर मानते.