भुलाबाईचा डबा

यवतमाळला बदली झाली तेव्हा नवरा बागेपायी रत्नागिरीतच राहिला. मी घाबरले नाही. बँकेत पंचवीस वर्षं माणसं हाताळली, मैत्रिणी काय, महिन्याभरात जमवू, असं मी ठणकावून सांगून निघाले. तीन महिने झाले तरी कॉलनीत मला सगळे 'नमस्कार मॅडम' एवढंच म्हणत. रविवार खायला उठायचा. शेवटी मीच ठरवलं, कोजागिरीपर्यंत जिवाभावाचं एक माणूस मिळालं नाही, तर सरळ परतीचा अर्ज टाकायचा.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला शेजारीण भुलाबाईचं, म्हणजे इकडच्या बायकांच्या कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या गाण्याखेळाच्या सणाचं, बोलावणं घेऊन आली. ती आर्णीकडची, घरची कपाशी-तूर, स्कूटर अशी चालवते की रस्त्यानेच बाजूला व्हावं. तिच्या हॉलमध्ये ज्वारीच्या धाटांच्या मखरात भुलाबाई बसलेली. रोज संध्याकाळी बायका गाणी म्हणत आणि मग एकीने आणलेला बंद डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखत. तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती. खेळ म्हटला की मला जिंकायचंच असतं. मी धोंडस केलं. नवऱ्याने पाठवलेलं तवसं, म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी, किसून त्यात तांदळाचा रवा आणि गूळ घालून भाजलेलं.

"गोड का तिखट?"

"गोड."

शिरा झाला, वड्या झाल्या, लाडू झाले. मी प्रत्येकीला ऐटीत नाही म्हणत होते. विसाव्या नावानंतर बायकांनी हात टेकले.

"हारलो बाप्पा आमी. सांगून टाका," एक म्हणाली. सगळ्यांनी धोंडस खाल्लं, छान म्हणाल्या आणि लवकर उठल्या. मी जिंकले होते आणि मजा मात्र पार गेली होती.

दारापर्यंत सोडायला आलेल्या शेजारणीला मी विचारलंच, "माझं काय चुकलं?"

"मॅडम, डबा हालवून कोन वळखते? आमी बाईवरून वळखतो. कोनाच्या घरी काय शिजते, कोनाचं काय बिघडते, सारं ठाऊक असते. तुमच्या घरी कोनी येऊनच नाही राह्यलं, तं वळखाव कसं?"

मला राग आला. कुणाला त्रास द्यायचा नाही, आपलं दार आपण लावून घ्यायचं, याचा मला केवढा अभिमान! पण राग खोटा होता, ती खरं बोलत होती. "उद्या रविवार आहे, सकाळी चहाला या, सगळ्यांना घेऊन," मी तिथेच म्हटलं.

अकराला आल्या त्या दोनला गेल्या. एकीने माझं वरण चाखून 'पाणी पाजता का लोकायले' असं विचारलं. शेजारीण ओट्याशी उभी राहून माझं नारळ खवणं बघत राहिली. मी गॅस मोठा करून पुऱ्या जाळल्या आणि कढईलाच शिव्या घातल्या, तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. मग रोजच कुणी ना कुणी यायला लागलं, आणि मीही न सांगता त्यांच्या ओट्यापाशी जाऊन बसायला लागले.

शेवटच्या दिवशी, कोजागिरीला, डबा पुन्हा माझा. सवय कुठली जायला? मी आतून टॉवेल गुंडाळला, म्हणजे खुळखुळायला नको.

शेजारणीने डब्याला हातही लावला नाही. "ओल्या नारळाच्या करंज्या. अन् अर्ध्या फुटलेल्या. हळू आचेवर तळाले धीर कुठं हाये हिले?"

मी झाकण काढलं. निम्म्याहून जास्त फुटलेल्या होत्या. बायकांनी घर डोक्यावर घेतलं. मला हरायची सवय नाही, पण एवढ्या लांबच्या गावात कुणीतरी मला इतकं नेमकं ओळखतं, याने माझं मन भरून आलं आणि मी सगळ्यांसमोर रडले.

"रडता काहून? चांगल्या झाल्या ना," असं म्हणत तिने फुटलेलीच एक उचलून खाल्ली.