उलटी शिवण

'हाताने शिवलेली झबली' अशी पाटी लावायची आणि हात दुसऱ्यांचे वापरायचे, हा माझा धंदा. लोकांना फार गोड वाटायचा. "घरबसल्या किती छान करतेस गं!" घरबसल्या म्हणे! इंदिरानगरच्या दोन खोल्यांत कापडाचे तागे, टोपड्यांच्या नाड्या आणि कुंच्यांच्या झालरी यांतून जेवायला ताट ठेवायला जागा नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका दुकानाने दोनशे झबली मागितली आणि एकटीने शिवायचं माझं गणित मोडलं. मग काम बाहेर दिलं. ओझरच्या पुढे एका खेड्यात एक वहिनी राहायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, द्राक्षाच्या बागेत कामाला जाऊन उरल्या वेळात मशीन चालवणाऱ्या. त्यांनी सहा-सात बायका जमवल्या. मी कापून पाठवायचे, त्या शिवायच्या. एकूण एक झबलं वहिनींच्या हाताखालून जायचं आणि वाकडा टाका त्या जागच्या जागी उसवायला लावायच्या.

माझी अट एकच. "नमुन्यात टाक्याचा फरक नको. आपलं डोकं चालवायचं नाही." दर खेपेला मी हे म्हणायचे. म्हणताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरून असते. आत घेतली तर कडा काखेत रुततात आणि कोवळी कातडी लालभडक होते. पोर झालेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. आणि एका खेपेला माझ्याकडे दोनशे झबली आली ती सगळी शिवण आत घेतलेली! माल द्यायला तीन दिवस उरले होते.

माझं टाळकंच सटकलं. गठ्ठा स्कूटरला बांधला आणि तडक गाव गाठलं. वहिनींच्या अंगणात बायका शिवत बसल्या होत्या, त्यांची नवी सूनही होती. मी गाडी स्टँडवर धड लावलीसुद्धा नाही.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" मी ओरडले. "तीन पोरं झाली ना तुला? बाळाची शिवण कुठे असते ते कळत नाही?"

ज्यांना आजवर अहो वहिनी म्हणत आले, त्यांना चारचौघींत एका दमात अगं-तुगंवर आणलं. सगळ्या मशिनी थांबल्या. वहिनी आत गेल्या आणि नमुन्याचं झबलं आणून माझ्या हातात ठेवलं. मीच शिवलेलं. शिवण आत. एका प्रदर्शनात टांगल्यावर बरं दिसावं म्हणून तसं एकच शिवलं होतं, आणि घाईघाईत तेच यांच्या पिशवीत घातलं होतं.

"आमाला बी वाटलं, हे चुकीचं हाय," वहिनी म्हणाल्या. "पन डोकं चालवायचं नाय म्हनला व्हता ना तुमी."

इथे तरी गप्प बसावं! पण नाही. "मग एक फोन करायचा होता," मी म्हटलं. गावातला एकुलता एक फोन महिनाभर बंद होता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी दोनशेच्या दोनशे झबली उसवली आणि पुन्हा शिवली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतः गठ्ठा घेऊन एसटीने माझ्या दारात आल्या. चहाला नको म्हणाल्या.

"ताई, काम नाय सोडत मी. पन सून व्हती तिथं. आता मी काय सांगाया गेले की ती गालात हसती. एकदा या, अन् त्याच बायांम्होरं सांगा, चूक तुमची व्हती. दुसरं कायी नको मला."

"येते ना, बुधवारी नक्की येते," मी म्हटलं.

बुधवार उजाडला आणि माझ्या अंगात मालकीण संचारली. हाताखालच्या बायकांसमोर चूक कबूल करायची? उद्या डोक्यावर मिरे वाटतील! मी कापलेल्या कापडाचा नवा गठ्ठा बांधला, वर 'अचानक काम निघालंय, नंतर येते' अशी चिठ्ठी खोचली आणि एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केला. काम कसलं डोंबलाचं! दुपारी मी ताणून दिली होती.

संध्याकाळच्या गाडीने गठ्ठा परत आला. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. आणि मला, निर्लज्जपणा बघा, मला त्यांचाच राग आला. "माज बघा किती!" म्हणत मी घरभर भांडी आपटली आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या गावात बायका शोधायला गेले. मिळाल्या. धंदा वाढला, पाटीही मोठी केली.

वहिनींनी त्यानंतर मशीन सुनेला देऊन टाकलं, असं कानावर आलं. चूक माझी होती, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. त्या बुधवारी स्कूटरमध्ये पेट्रोलसुद्धा होतं.