फक्त बटणं राहिलीत

शिंप्याला लेकीचा संशय येऊ लागला होता. तो चर्चला जायचा ते लोकांच्या कोटांची शिवण न्याहाळायला. ही मात्र रोज बायबल वाचायची आणि दुकानात बसून त्याची गिऱ्हाइकं पळवून लावायची. समोरच्या शिंप्याला फितूर तर नाही ना झाली?

आज शाळेतल्या बाई शिवायला टाकलेले कपडे न्यायला आल्या. "फक्त बटणं राहिलीत," तो सवयीने म्हणाला.

"बाई, कापड अजून बेतलेलंच नाही," लेक म्हणाली.

शिंपी खवळला. "कोण शिकवतं गं तुला हे?"

"तुम्हीच नाही का नेलंत मला प्रभूच्या दारात? मी आत गेले, बाबा. तुम्ही दारातच राहिलात."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "पोरी, तूच सांग, कधी येऊ?"

लेकीने बापाकडे पाहिलं.

"शनिवारी," तो पुटपुटला आणि तिच्याकडे तिरकं बघत त्याने कात्री उचलली.