लग्नपत्रिकेतले कर्नलसाहेब

माझ्या नवऱ्याला आडनाव विचारलेलं खपत नाही. ऑकलंडमधल्या मराठी कार्यक्रमात कुणी हातात प्लेट घेऊन गोड आवाजात “आडनाव काय म्हणालात?” असं विचारलं, की त्याचा पारा चढतो. आडनावानंतर गाव विचारतात आणि गाव कळलं की समोरच्याची नजर बदलते, हे आम्ही बौद्ध माणसं पुण्यातच शिकून आलो होतो. म्हणून लेकीने गोऱ्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मला वाटलं, चला, एक पिढी तरी या कटकटीतून सुटली.

पहिल्याच जेवणाला नवऱ्याने मुलाला आडनाव विचारलं.

बिचाऱ्याने सांगितलं. मुलगा सुतारकाम करतो, ओटाहुहूला आजीने वाढवलेला, आजीचंच आडनाव लावतो. दुसऱ्या दिवशी पेनरोजच्या कारखान्यात डबा खाताना नवऱ्याने ते आडनाव इंटरनेटवर टाकलं आणि संध्याकाळी मनुरेवाच्या आमच्या घरी चक्क एक कर्नल घेऊन आला. वेल्समधला जमीनदार, सैन्यातला अधिकारी, पुढे पार्लमेंटात खासदार. फोटोत झुबकेदार मिशा, पायाशी दोन कुत्री आणि मागे नुसत्या खिडक्याच खिडक्या. मुलगा म्हणाला, हो, आजीचे लोक त्याच घरातून आले म्हणतात, हीप्स म्हणजे पुष्कळ वर्षांपूर्वी. नवऱ्याला तेवढं पुरलं.

मग कर्नलसाहेब आमच्याकडेच मुक्कामाला आले म्हणा ना. चहाला कर्नल, जेवणाला कर्नल. आयुष्यभर जातिअंतावर भाषणं ठोकणारा माणूस आता “शेवटी रक्तात असतंच हो काहीतरी” असं शेजाऱ्यांना ऐकवू लागला. मला हसू येत होतं आणि संतापही येत होता.

आपल्याकडे लग्नपत्रिकेत वजनदार नावं छापायची हौस असते. माजी सरपंच, माजी आमदार. वधू कोण हेही त्यांना ठाऊक नसतं. नवऱ्याने तीच हौस भागवली. बुद्धाच्या चित्राखाली, वराच्या नावापुढे, मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं: कैलासवासी कर्नलसाहेब, जमीनदार व माजी खासदार, वेल्स, यांचे खापरपणतू. बौद्धाघरच्या पत्रिकेत त्याने एका ख्रिश्चनाला कैलासात धाडलं होतं.

लेकीने नमुना वाचला आणि शांतपणे म्हणाली, “हे कार्ड गेलं तर नो वेडिंग, बाबा. आम्ही रजिस्टर करू आणि फोटो पाठवू.”

ती उगाच धमकी देणाऱ्यातली नाही. एकुलती एक पोर. तिला पांढऱ्या साडीत वंदना म्हणताना बघायचं, एवढंच मला हवं होतं. पण नवरा हटेना. मुलाच्या आजीला विचारू, म्हणाला, ती खूशच होईल.

रविवारी आम्ही ओटाहुहूला गेलो. आजींनी पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात बागेची कात्री अशा थाटात “किया ओरा” असा माओरी नमस्कार केला आणि आत बसवलं. नवऱ्याने पत्रिका त्यांच्या हातात ठेवून कर्नलसाहेबांची महती अगदी इस्टेटीसकट सांगितली. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं आणि पत्रिका टेबलावर ठेवली.

“माझी आजी त्याच्या घरी स्वयंपाकाला होती,” त्या म्हणाल्या. “पोट दिसायला लागलं तेव्हा तिला मागच्या दाराने काढलं. हे आडनाव त्याने दिलं नाही. न्यूझीलंडच्या बोटीवर चढताना तिने ते स्वतःच घेतलं.”

मला वाटलं, आता नवरा सारवासारव करणार. त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. पण त्याने पत्रिका स्वतःकडे ओढून घेतली. मग अडखळत्या इंग्रजीत सांगू लागला की त्याची आजी पाटलाचं अंगण झाडायची आणि तिथले लोक तिच्या पदरात वरून भाकरी टाकायचे. हे त्याने मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, की कर्नल सांगायला याला तोंड होतं, आजी सांगायला नव्हतं.

आजींनी किटली लावली. नवऱ्याने त्यांना त्या स्वयंपाकीणबाईंचं नाव विचारलं, कर्नलवर काट मारली आणि तिथे ते नाव लिहिलं. मागेपुढे काही पदवी नाही. लेकीने नवी पत्रिका वाचली, “स्वीट ॲज” म्हणजे झकास म्हणाली आणि मला साड्या बघायला बसवलं.

पत्रिका पुण्याला पोचली तशी नवऱ्याच्या आत्याचा फोन आला. म्हाताऱ्या झाल्या, तरी चौकशीची सवय गेलेली नाही.

“नावं इंग्रजी दिसतायत. कोण लोक आहेत रे मुलाकडचे?”

“आपल्यातलेच आहेत, आत्या,” नवरा म्हणाला.