भाऊ नसलेल्या बाईचं मत

आमच्या इमारतीतल्या वाचक मंडळाचा एक नियम आहे. पुस्तक आवडो न आवडो, मत द्यावंच लागतं. "मला काही सांगायचं नाही" हे चालत नाही. नियम केला तळमजल्यावरच्या बाईंनी. बाई म्हणजे इथल्याच, दादरच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर आम्ही सगळे, नातवंडं झालेले लोकसुद्धा, अजून बाकावर बसल्यासारखे बसतो.

दिवाळीआधीच्या बैठकीसाठी त्यांनी एक कादंबरी निवडली. जुन्या काळातल्या एका संस्थानाच्या दिवाणाला भर रस्त्यात गोळ्या घालणारा माणूस, आणि त्या माणसाच्या बहिणीचं पुढचं आयुष्य. मी पुस्तक उघडलं, मिटलं, उशीखाली सारलं. मग दोन दिवसांत आधाशासारखं वाचून काढलं. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते ना, तसंच.

कारण मी तशीच बहीण आहे. माझ्या भावानं लालबागमध्ये एका माणसाला दिवसाढवळ्या ठार मारलं. गिरणी बंद पडून वडील घरी बसले होते आणि हा ज्या पोरांच्या नादी लागला ती पैशासाठी काहीही करणारी होती. त्याचं नाव बरेच दिवस पेपरात येत राहिलं. लालबाग-परळची जुनी माणसं अजून ते नाव आवाज खाली करून घेतात. माझं लग्न त्याआधीच होऊन मी दादरला आले होते, आडनाव बदललेलं होतं. नवरा एवढंच म्हणाला, "तो इथं येणार नाही, आणि आपण बाहेर बोलायचं नाही." चांगला माणूस होता, कधी टोमणा मारला नाही. तो गेला तरी मी त्याचा शब्द पाळत राहिले, कारण एव्हाना तो माझ्याही सोयीचा झाला होता.

मला भाऊच नाही, असं इमारतीत सगळे धरून चालतात. मी तसं कोणाला कधी सांगितलेलं नाही. भाऊ आत गेला त्या दिवाळीत आई म्हणाली, "ओवाळल्याबिगर रवू नको. तो नाय तर चंद्राक ओवाळ." म्हणून भाऊबीजेला तबक घेऊन मी गच्चीवर गेले. लालबागच्या चाळीत तो पाटावर बसायचा, डोक्यावर वडिलांचा रुमाल ठेवून. रुमाल घसरायचा, तो एका हातानं धरून ठेवायचा आणि हसायचा. ते आठवतच मी ओवाळलं. पण चंद्राला ओवाळते ती भाऊ नसलेली बाई, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारणींनी पाहिलं, हळहळल्या, आणि त्यांच्या मनात ते कायमचं पक्कं झालं.

बैठक बाईंच्या हॉलमध्ये होती. चकल्यांचा पहिला घाणा आमच्यासमोर ठेवला होता. पहिलं मत समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त बँकवाल्यांचं. त्यांना माणसांपेक्षा सामानसुमानाची काळजी जास्त. दिवाणाच्या बग्गीला दोनच घोडे दाखवलेत, चार हवे होते, यावर ते चकली संपेपर्यंत बोलले. देव त्यांचं भलं करो, तेवढा वेळ मी सुखात होते.

मग दुसऱ्या मजल्यावरची आयटीतली मुलगी म्हणाली, "मला तर त्या बहिणीचा रागच आला यार. चारशे पानं नुसती रडतेय. एकदा तरी ओरड ना त्याच्यावर!"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. कादंबरीतली ती बाई उठताबसता रडते. मला रडू येत नाही, राग येतो. दारावर अनोळखी माणूस उभा राहिला की राग येतो, लग्नात कुणी माहेरची चौकशी केली की राग येतो. दूध उतू गेलं तरी यानंच घालवलं असं वाटतं. आणि त्याच रागात मी सणाला त्याच्या वाटणीचे लाडू वेगळे काढून ठेवते.

शेवटी बाई बोलल्या. चष्मा काढून हातात धरला, म्हणजे आता मत नाही, निकाल.

"लेखकानं मारेकऱ्याच्या बहिणीसाठी आपल्याला इतकं रडवलं. मग दिवाणाला बहीण नव्हती का? तिनं कोणाला ओवाळायचं?"

बाईंचं बरोबर होतं, आणि हे मला त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. माझ्या भावानं मारलेल्या माणसाला बहीण होती. कोर्टाच्या व्हरांड्यात ती माझ्याकडे बघत उभी होती आणि मी भिंतीवरच्या नोटिसा वाचत होते.

"आता समारोप तुम्ही करा," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आम्ही सगळ्या भाऊवाल्या, आमचं मत कुठंतरी झुकणारच. तुम्हाला भाऊ नाही. तुम्ही तटस्थपणे सांगाल."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगितलं तर बाईंचा तो प्रश्न मला रोज जिन्यात भेटणार होता. नाही सांगितलं तर म्हातारा होत चाललेला माझा भाऊ असाच दाराबाहेर राहणार होता. मी म्हणाले, बहिणीचं पात्र छान उतरलंय, शेवट जरा घाईत गुंडाळलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला माझीच किळस आली.

निघताना बाईंनी माझा हात धरला. "दरवर्षी एकट्याच गच्चीवर जाता तुम्ही. मला वाईट वाटतं. ह्या वर्षी आम्ही सगळ्या येणार तुमच्याबरोबर." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. कुजकट बाई असती तर तोडून टाकलं असतं. मायेनं आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं?

भाऊ शिक्षा भोगून कधीच सुटलाय. काळाचौकीत एका खोलीत राहतो, मंडपवाल्याकडे कापड आणि बांबू सांभाळतो. आम्ही भेटतो ते भायखळ्याच्या भाजीबाजारात, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसारखे, एकाच पाटीतली वांगी निवडत. घरी येण्याबद्दल मात्र तो वर्षातून एकदाच, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी फोनवर विचारतो. यंदाही विचारलं.

"ताय, मी येव काय गो?"

"ह्या वर्षी नको. बिल्डिंगीतली बायकामाणसां येतत, गच्चीर ओवाळूक."

"बरां," तो म्हणाला. दरवर्षी एवढंच म्हणतो. एकदा तरी भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

भाऊबीजेला दिवस मावळता मावळता आम्ही गच्चीवर गेलो. बाई काठापदराची साडी नेसून आल्या होत्या. आयटीतल्या मुलीनं माझं निरांजन वाऱ्यापासून ओढणीनं झाकलं होतं. बीजेचा चंद्र तो, नखाएवढा, लगेच मावळणारा. दोन टॉवरच्या फटीत बाईंनीच तो शोधून काढला. "तो बघा. चला, लवकर."

मी कठड्याशी गेले. आमची इमारत चारच मजल्यांची, खालचा रस्ता स्वच्छ दिसतो. समोरच्या फुटपाथवर, इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीशी, दिव्याखाली तो उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. इतक्या वर्षांत तो या रस्त्यावर कधी आला नव्हता. तो वर बघत होता. मी तबक उचललेलं पाहिलं तसा त्यानं खिशातून रुमाल काढला, झटकला, डोक्यावर ठेवला, आणि घसरू नये म्हणून एका हातानं धरला.

माझे हात आपोआप फिरू लागले.

"अहो, खाली कुठं ओवाळताय?" बाई मागून म्हणाल्या. "चंद्र तिकडे आहे, वर."

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि तबक तिथंच ओवाळत राहिले.