आबा कुठे जेवून आले?

मी पाणी तपासणारी बाई आहे. कुडाळला एका प्रयोगशाळेत अठरा वर्षं विहिरींचं, बोअरचं, नळाचं पाणी तपासलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे सांगताना मान खाली घालायची मला गरज वाटत नाही, कारण माझ्या त्या कागदासाठी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिरोड्याच्या मिठागरात तळपाय सोलवटून घेतलेत. त्यामुळे बाटलीत जे सापडेल तेवढंच खरं, ही माझी सवय. देवचार, झपाटणं, अमक्याला तमकं दिसलं... असलं कोणी काढलं की मी उठून चहा टाकायला जायचे. वाचकांच्या असल्या अनुभवांचं हे सदरसुद्धा मी हसायला म्हणून वाचायचे. तरी आज लिहायला बसलेय.

माझा नवरा प्रकाश गाड्यांचा मेकॅनिक. शाळेची मुलं नेणारी एक जुनी ट्रॅव्हलर त्याने घेतली आणि सव्वा वर्ष खपून तिचं घर केलं. दोन बाकडी, मागे आबांसाठी आडवी खाट, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर. आम्हाला मूलबाळ नाही. या गाडीतून जगाची एक फेरी मारायची हे आमचं लग्नापासूनचं खूळ. अडचण एकच होती – आबा. वय चौऱ्याहत्तर, आई गेलेली, आणि विसरायला नुकतीच सुरुवात झालेली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याबरोबर असतील तर बरेच राहतील. परक्या माणसांत ठेवू नका." झालं, ठरलं.

वाडीतल्या लोकांनी काय काय म्हणून घेतलं! "म्हाताऱ्याक घेवन खंय चल्लास गो? थंय मेलो तर?" माझा चुलतभाऊ बबन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "बाय, गाडयेत संडास आसा आणि देवघर नाय! बरा शिक्षण झाला तुझा." शेवटी आबाच बोलले, "मी येतंय. मीठ सोडून मी आयुष्यात काय बगलंय?"

गाडी जहाजाने आखातात, तिथून इराण, आर्मेनिया, जॉर्जिया, मग तुर्कस्तान. पाच महिने आबा इतके खूश होते की मला माझाच अभिमान वाटायचा. बर्फ बघून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? चाखून बघितलं. "खारट नाय गो!"

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. तुर्कस्तानच्या मधोमध, अंकाराच्या दक्षिणेला दोनेक तासांवर, मिठाचं एक अफाट सरोवर आहे – तूझ गोलू. पाऊस अजून पडायचा होता, त्यामुळे पाणी नव्हतंच. नजर जाईल तिथवर पांढरंशुभ्र मीठ, घरातल्या फरशीसारखं सपाट. आबांना ते दाखवायचं म्हणूनच आम्ही वाकडी वाट केली होती. रात्री पार्किंगमध्येच मुक्काम केला.

सकाळी नऊच्या सुमाराला मी जागी झाले ती भांड्यांच्या आवाजाने. आबा गाडीतून सामान बाहेर काढत होते. तांदळाचा डबा, शेगडी, अंथरुणं, टोप, सगळं मिठावर नीट मांडलेलं. मी विचारलं, "आबांनू, ह्या काय चल्लाहा?"

"भायर पडाक व्हया. ढोल वाजलो."

"खंयचो ढोल?"

"गावपळण गो. उठ. घोवाक उठव. गाडयेत कोणी रवाचा नाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवण तालुक्यात काही गावांत ही प्रथा आहे, त्यातलं एक आमचं. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन दिवस ठरतो, ढोल वाजतो, आणि अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस-तीन रात्री माळावर झोपड्या घालून राहायचं, तिथेच चुली मांडायच्या. गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. मग पुन्हा कौल घेऊन परत. लहानपणी आम्हाला ती मोठी सहल वाटायची. पुढे कॉलेजात मी यावर भाषणही ठोकलं होतं – गावाची हवा शुद्ध होते, रोगराई हटते, पूर्वजांचं विज्ञान, वगैरे. बक्षीस मिळालं होतं.

पण त्या सकाळी मला विज्ञान सुचलं नाही. थंडी मरणाची होती, अंथरुणं मिठाने ओली झाली होती, आणि मी ओरडले. "ह्या तुमचा गाव नाय! हय येस नाय, देव नाय, काय नाय! गपचूप आत बसा!" प्रकाश म्हणाला, "अगो, हळू..." पण मी एक एक वस्तू उचलून आत फेकली. आबा आत बसले नाहीत. गाडीच्या पायरीवर बसले आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांना कीव येत होती. माझी.

साडेअकराला मी कॅन घेऊन पाणी आणायला गेले. नळ पार्किंगच्या टोकाला, शंभर पावलांवर. प्रकाश गाडीखाली शिरलेला. दहा मिनिटांत परत आले तर पायरी रिकामी.

आधी घाबरले नाही. गाडीच्या मागे बघितलं, मग आत, मग संडासात. मग सरोवराकडे नजर टाकली आणि तेव्हा मात्र घाबरले. कारण तिथे लपायला जागाच नाही हो! झाड नाही, दगड नाही, चढ नाही. दोन किलोमीटरवरचं कुत्रं दिसेल अशी जागा. दहा मिनिटांत चौऱ्याहत्तर वर्षांचा, गुडघ्याने अधू माणूस जाऊन जाऊन किती लांब जाईल? तरी कुठेच नाही. पावलांचे ठसे बघायला गेलो तर आदल्या दिवशीच्या प्रवाशांनी सगळं तुडवलेलं. दुसऱ्या बाजूला हायवे. प्रकाश तिकडे धावला.

पार्किंगजवळ मिठाचे साबण विकणारा एक म्हातारा दुकानदार होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला तुर्की. मी छातीवर हात मारून "बाबा, बाबा" म्हणाले, आणि त्याला लगेच कळलं. त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात. त्याने दुकान तसंच उघडं टाकलं आणि माझ्याबरोबर निघाला. त्यानेच फोन करून पोलीस बोलावले. ते जीप घेऊन मिठावरून लांबवर फिरून आले. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर विचारलं, बस थांबवून बघितल्या. कोणीही पाहिलं नव्हतं.

आबांचा स्वेटर खुंटीला तसाच होता. ते अंगात फक्त सदरा घालून गेले होते. पोलिसांतला एक जण मोबाईलवर भाषांतर करून मला दाखवत होता. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, "सूर्य साडेपाचला मावळतो. नंतर तापमान शून्याखाली." तो वाईट माणूस नव्हता. पण ते वाचून मी खाली मिठावरच बसले.

मग मी काय केलं? हाका मारल्या. दुसरं काहीच येत नव्हतं मला. सरोवराकडे तोंड करून, "आबाऽ, आबानूऽ" म्हणून तासन्‌तास ओरडत राहिले. तिथे आवाज परतसुद्धा येत नाही... जातो आणि संपतो. घसा फुटला. प्रकाश म्हणाला, "आता पुरे गो," आणि तोच रडायला लागला. त्याला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मनात एकच – सकाळी मी ओरडले नसते तर. वस्तू बाहेर राहू दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पदवी परत द्यावी लागली असती?

चारच्या सुमाराला तो दुकानदार एकदम ओरडला, "बाबा!"

आबा सरोवराकडून चालत येत होते. दूरवरून नाही. आमच्यापासून पन्नासेक पावलांवर. तिकडे मी चार तास बघत होते. चालही नेहमीचीच, हात मागे बांधलेले.

मी धावत जाऊन मिठी मारली, तर त्यांच्या सदऱ्याला धुराचा वास. लाकडाच्या चुलीचा. मी त्यांचे हात धरले – गरम! आणि बोटांना वास कसला, तर तिरफळाचा. ज्याने बांगड्याच्या सारात तिरफळ खाल्लंय त्याला वेगळं सांगायला नको, तो वास दुसऱ्या कशाला येत नाही. आमच्या गाडीतलं तिरफळ इराणमध्येच संपलं होतं. दोन महिने आम्ही पाव आणि डाळीवर होतो.

"खंय गेल्लास आबांनू?"

"जेवाक."

"कोणाकडे?"

"बबनाकडे. बांगडो होतो. मीठ कमी होता." आणि इतकं बोलून आजूबाजूच्या मिठाकडे बघून ते खुदकन हसले.

मी ऐकून सोडून दिलं. भ्रम, भूक, थंडी, मेंदू असं करतो, मला ठाऊक आहे. पोलिसांनी तपासलं, सगळं ठीक. आबांना झोपवलं. दिवसभरात माझा फोन बंद पडला होता. सहा वाजता तो चार्ज करून उघडला, तर बबनचा आवाजी मेसेज.

तो जसाच्या तसा लिहिते, कारण मी तो किती वेळा ऐकलाय त्याला गणती नाही. "काय गो गाडीवाली! कधी इलास? सांगूक नाय, बोलूक नाय. आबा हय जेवन आडवे झालेत. मीठ कमी म्हणान माझ्या बायलेक बोल लावल्यानी. तुमी खंय रवलास? म्हाताऱ्याक येशीर सोडून गाडी धुवूक गेलास काय?"

वेळ तिथली, एक वाजून दहा मिनिटं. भारतातले तीन चाळीस. तेव्हा आबांना जाऊन दीड तास झाला होता आणि सापडायला अजून तीन तास होते. ते हरवल्याचं आम्ही गावात कोणालाही कळवलेलं नव्हतं. काय कळवणार होते मी?

मी लगेच बबनला फोन लावला. मागे कुत्री, भांडी, लोकांची बडबड. गाव माळावर होता. ढोल त्याच दिवशी सकाळी वाजला होता. मला ते त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. आबांना अंदाज असू शकतो, मान्य. तीन-चार वर्षं झाली की म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात ते असतं. पण बाकीचं? बबनने, त्याच्या बायकोने आणि शेजारच्या झोपडीतल्या दोघांनी आबांना ताट वाढलं होतं, पाणी दिलं होतं. गावपळणीला मुंबईहून, गोव्याहून कोण ना कोण येतच असतं. तेव्हा आबा माळावर दिसले यात कोणालाच नवल वाटलं नाही.

"फोटो काडलंस?" मी विचारलं.

"जेवताना मानसाचो फोटो काडतत काय? आणि तुका फोटो कित्याक व्हयो? बापूस तुझ्याकडेच पोचलो मां?"

"पोचले," मी म्हणाले. "बबन, ते थंयसून गेले कधी?"

"दिवेलागणीक. चाय ठेवली होती, मी म्हटलंय चाय घेवन जावा. तर उठान हुबे रवले. म्हणाक लागले, माझा चेडू हाका मारता, कवाधरना मारता. जावक व्हया."

मी फोन ठेवला. आबांचं चेडू, त्यांची लेक, म्हणजे मीच. प्रकाशला सगळं सांगितलं.

पुढची जगाची फेरी आम्ही केली नाही. मर्सिन बंदरातून गाडी जहाजात घातली आणि घरी आलो. तपासायची सवय आहे म्हणून मी सगळं तपासलं. बबनच्या फोनमधली वेळ, माझ्या फोनमधली वेळ, त्या चौघांना वेगवेगळं गाठून विचारलं. चौघांचं म्हणणं एकच. प्रकाश म्हणतो, "सापडले ना? मग सोड." मी सोडू शकत नाही. दोन वर्षं होऊन गेली, माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि मी कुठलंही सोयीचं उत्तर लिहून देणार नाही.

आबांचा आजार आता फार वाढलाय. सुरुवातीला विचारलं की म्हणायचे, "जेवलंय मां बबनाकडे." आता तेही नाही. ओसरीवर खुर्चीत बसलेले असतात. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून "आबा" म्हणते. मग जरा मोठ्याने म्हणते. त्या दिवशी कुठून का असेना, माझ्या हाकेला ते आले होते. आता समोर बसून असतात आणि येत नाहीत.